फायबरचे हेल्मेट किट: डाव्या बाजूची पायरी, फाटणारा प्रायमर आणि पावसाळ्यातला रंग

खाडीकाठची, ऐरोली

नवरात्रातल्या वेशभूषा स्पर्धेसाठी अंतराळ सैनिकाच्या हेल्मेटचे फायबरग्लास किट घेतले आहे. चेहऱ्याचा पुढचा भाग, डोक्यामागचा घुमट, कानांवरच्या दोन टोप्या आणि काचेसाठी गडद प्लास्टिकचा एक सपाट तुकडा, एवढेच आले. सूचनांचा कागद नाही. बाहेरून पांढरा जेलकोट (रेझिनचा गुळगुळीत थर) आहे. आतून खरखरीत, काही ठिकाणी काचतंतू सुयांसारखे वर आलेत.

पुढचा-मागचा भाग जुळवून धरला की उजवी बाजू छान बसते, पण डाव्या कानशिलाशी ४ मिलिमीटरची पायरी राहते. एका टोपीवर स्प्रेच्या डब्यातला राखाडी प्रायमर मारून पाहिला. आधी ओल्या फडक्याने पुसली होती. तरी तेलकट ताटावर पाणी फाटावे तसा प्रायमर फाटला, मध्ये गोल गोल खड्डे. वर आणखी दोन हात मारले तरी खड्डे तिथेच.

जोड कशाने करू? एम-सील, अरल्डाइट की रेझिन-मॅट (रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची चटई)? रंग पांढरा, त्यावर गडद निळे पट्टे आणि थोडा युद्धात वापरल्यासारखा मळकटपणा हवा आहे. काम फ्लॅटच्या बाल्कनीतच होणार, गच्चीची परवानगी नाही. आणि बाहेर पाऊस थांबायचे नाव नाही.

मोल्डवाला, रबाळे

ताई, आधी ती टोपी. दोष प्रायमरचा नाही, मेणाचा आहे. साच्यातून भाग सुटावा म्हणून साच्याला मेण चोळतात आणि वर बहुतेक वेळा पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा) पातळ थर देतात. पीव्हीए पाण्यात विरघळते, मेण विरघळत नाही. ओल्या फडक्याने ते फक्त इकडचे तिकडे होते. मेणावर रंग पसरत नाही, मागे सरकतो. म्हणून वरून कितीही हात मारले तरी खड्डा भरत नाही.

मारलेला प्रायमर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरच्या फडक्याने पूर्ण काढा. मग सगळे भाग, टोपीसुद्धा, कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि हिरव्या घासणीने आतून-बाहेरून घासून धुवा. वाळले की पांढऱ्या सुती फडक्यावर टर्पेंटाइन किंवा डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात ते वॅक्स रिमूव्हर घेऊन एकाच दिशेने पुसा, आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचला. उचलले नाही तर मेण विरघळून परत तिथेच बसते. फडके दर हाताला पलटा. शेवटी पुन्हा साबण-पाणी. नळाखाली धरल्यावर पाणी मोत्यांसारखे गोळा न होता सलग पसरले म्हणजे काम झाले.

हे सगळे पॉलिश पेपर लावायच्या आधी. पेपर आधी मारला तर मेण त्याच्या ओरखड्यांत चोळले जाते आणि मग काढणे फार जिकिरीचे.

आता कापणी. कडेला साच्याबाहेरची जी पातळ झालर असते ती मिनी ग्राइंडरच्या कटिंग डिस्कने किंवा बारीक दाताच्या हॅकसॉ ब्लेडने रेषेच्या १ मिमी बाहेरून कापा. उरलेले लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या ८० नंबर पेपरने रेषेपर्यंत आणा. काचेची खिडकी बंद असेल तर कोपऱ्यांवर आधी ५ मिमीची गोल भोके पाडा, मग त्यांना जोडत कापा. चौकोनी कोपऱ्यातून जेलकोटला चीर जाते. ड्रिल मारताना बाहेरून मास्किंग टेप लावा, नाहीतर भोकाभोवती जेलकोटचे टवके उडतात.

काचतंतूंची धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नका. एन-९५ मास्क, बंद गॉगल, पूर्ण बाह्या. कडा पाण्याचा फवारा मारत घासा, धूळ उडतच नाही. झाल्यावर गार पाण्याने अंग धुवा आणि धुण्याआधी कातडी चोळू नका, तंतू आत रुततात. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, सगळ्यांना खाज सुटेल.

जोडायच्या आधी डोके आत जाते का ते बघा. हे लोक हटकून विसरतात. दोन्ही भाग बाहेरून टेपने बांधा आणि घालून पाहा. डोक्याचा घेर क्वचितच अडतो. अडते ते नाकाच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या फुगवट्यापर्यंतचे अंतर. चष्मा असेल तर तो लावून मोजा. गळ्याचे तोंड त्याहून किमान दीड सेंटीमीटर मोठे हवे. नसेल तर आत्ताच मागच्या बाजूने गळ्याची कड कापा. जोड झाल्यावर आणि रंगानंतर ते रडगाणे होते.

४ मिमीची पायरी लांबीने (पुट्टीने) भरू नका. भाग साच्यातून लवकर काढला की पूर्ण पक्का व्हायच्या आत असा वाकतो. पॉलिएस्टर फायबर तापवले की नरम पडते. जुन्या पातेल्यात, जे पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचे नाही, पाणी ७० ते ८० अंशांपर्यंत तापवा, म्हणजे तळाला बारीक बुडबुडे धरतात पण उकळी नाही. डावी कड एक-दोन मिनिटे त्यात बुडवा, जाड हातमोज्यांनी हवी त्यापेक्षा थोडी जास्त दाबा (सोडल्यावर ती थोडी परत येते) आणि तशीच धरून नळाखाली गार करा. एका खेपेत ४ मिमी जाणार नाही, दोन-तीन खेपा धरा. हीट गन वापरू नका, एकाच जागी तापून जेलकोट पिवळा पडतो नाहीतर फुगतो.

शेवटचा एक मिमी टेपनेच ओढला जातो. जी बाजू बरोबर बसते तिथून सुरुवात करा आणि दर ३-४ सेंटीमीटरला आडवी टेप लावत डाव्या बाजूकडे या.

जोड आतून, रेझिन-मॅटनेच. सांध्याच्या दोन्ही बाजूंना ३० मिमी रुंदीचा पट्टा ६० नंबरने खरवडा, चकाकी अजिबात राहता कामा नये. अॅसिटोनने पुसा. ३०० ग्रॅमची मॅट घ्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम). एक थर ३५ मिमी रुंद, वरचा ५० मिमी. सलग पट्टी नको, १०-१२ सेंटीमीटरचे तुकडे करा, वळणावर नीट बसतात. कडा कात्रीने कापण्याऐवजी हाताने फाडल्या तर तंतू विरळ होत जातात आणि पायरी राहत नाही.

७० सेंटीमीटर सांधा धरला तर दोन थरांना मॅट साधारण १८ ग्रॅम लागते. मॅटच्या सव्वादोनपट रेझिन म्हणजे ४० ग्रॅम, ब्रशात आणि वाटीत राहते ते धरून ६०. ते दोन घाण्यांत कालवा, ३०-३० ग्रॅम. हार्डनर, म्हणजे एमईकेपी, एक ते दीड टक्का. ३० ग्रॅमला ०.३ ते ०.४ मिली, सुई काढलेल्या १ मिलीच्या सिरिंजने मोजा. थेंब मोजू नका, प्रत्येक बाटलीचा थेंब वेगळा. आपल्या उकाड्यात एक टक्का पुरतो, पण एकाच्या खाली जाऊ नका. आत कच्चे राहते आणि महिनोन्‌महिने वास येतो. कालवलेले खोल ग्लासात ठेवू नका, पसरट झाकणात ओता. साठून राहिले की स्वतःच्याच उष्णतेने तापते, धूर येतो.

दोन गोष्टी जिवाच्या. रेझिन कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारे द्रव) आधीच घातलेलेच मागा. सुटे कोबाल्ट मिळाले आणि ते चुकून हार्डनरमध्ये थेट पडले तर स्फोट होऊ शकतो. आणि हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल काढूच नका, बाजूला पाण्याचा तांब्या भरून ठेवा.

रेझिनचा आतला पृष्ठभाग दुसऱ्या दिवशीही चिकट लागेल. ते कच्चे नाही, हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा पापुद्रा पुरा घट्ट होत नाही. अॅसिटोनने पुसून टाका. आणि मॅट प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. पावसात दमट झालेली मॅट रेझिन नीट पीत नाही, पांढुरकीच राहते.

लांबीपट्टी, वागळे इस्टेट

मोल्डवाल्यांनी जोडाचे बरोबर सांगितले. एम-सील आणि अरल्डाइटचे राहिले ते मी सांगतो. एम-सीलमध्ये तंतू नसतात, हेल्मेट एकदा टेबलावरून पडले की सांधा सरळ रेषेत उकलतो. बाहेरून तुटलेला कोपरा घडवायला मात्र उत्तम. अरल्डाइट चिकटते घट्ट, पण तो इपॉक्सी आहे, पॉलिएस्टरहून वेगळ्या जातीचे रेझिन. त्यावर नंतर पॉलिएस्टर रेझिन धरत नाही. उलटे चालते, पॉलिएस्टरवर इपॉक्सी धरतो. म्हणून आधी अरल्डाइटने टाचून वर मॅट, हा घोळ करू नका. आणि मॅट इपॉक्सीत भिजवूही नका. तिचे तंतू ज्या पावडरीने बांधलेले असतात ती पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळते, इपॉक्सीत नाही, त्यामुळे मॅट ताठ राहते. इपॉक्सीच वापरायचा असेल तर विणलेले काचकापड घ्या.

एका गोष्टीला मात्र माझा विरोध. पाण्याने घासा हे फक्त उघड्या फायबरच्या कडांना. लांबी कधीही पाण्याने घासू नका. पॉलिएस्टर लांबी पाणी पिते, वरून कोरडी दिसते, आणि रंग झाल्यावर पंधरा दिवसांनी बारीक फोड येतात. पावसाळ्यात तर ते पाणी बाहेर यायला जागाच नसते. लांबी कोरडीच घासायची, मास्क लावून.

सांधा बाहेरून भरण्याआधी त्याच्यावर व्ही आकाराची उथळ खाच करा, २ मिमी खोल, दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर जेलकोट ८० नंबरने घासलेला. खाच न करता वरून लांबी थापली की सांधा बारीक रेषेसारखा रंगातून वर येतो. लांबी दोन भागांची घ्या, हार्डनरच्या ट्यूबवाली. १०० ग्रॅमला २ ग्रॅम हार्डनर. हातात चार-पाच मिनिटे मिळतात, म्हणून एकावेळी लिंबाएवढाच गोळा. हार्डनर जास्त झाला तर लवकर सुकते खरे, पण जादा हार्डनर पांढऱ्या फिनिशमधून डाग होऊन वर येतो. तुम्हाला पांढरेच करायचे आहे तेव्हा हे लक्षात ठेवा.

दुकानदार एनसी पुट्टी देईल, ती स्वस्त आणि ट्यूबमध्ये. ती फक्त ओरखड्यांना. जाड भरली तर वरचा पापुद्रा सुकतो, आत ओली राहते आणि आठवड्याने खाली बसते.

पेपरचा क्रम: ८०, १२०, १८०, मग २४०. दोन नंबरांच्या मध्ये मोठी उडी मारली की ८० चे ओरखडे प्रायमरखालून डोकावतात. बोटांनी घासू नका. सपाट जागी ठोकळा, घुमटावर जुन्या चपलेच्या तळव्याचा तुकडा पेपरात गुंडाळा.

मग सुईच्या टोकाएवढी भोके दिसतील. जेलकोटखाली अडकलेले हवेचे बुडबुडे घासल्यावर उघडे पडतात. प्रायमर त्यांना भरत नाही, वरून पूल बांधतो आणि उन्हात ठेवले की तो पूल फुटतो. कटरच्या टोकाने प्रत्येक भोक आणखी उघडा, मग लांबी ब्लेडने आधी उभी आणि मग आडवी दाबून भरा. एकाच दिशेने ओढली तर हवा आतच राहते. कंटाळवाणे काम आहे, पण हेल्मेट जवळून पाहिल्यावर घरगुती वाटते ते या भोकांमुळेच.

प्रायमर हलका, दोन हात. त्यावर काळ्या स्प्रेची दुरूनच धूळ उडवा, मोकळी, झाकेल इतकी नव्हे. ३२० ने घासा. जिथे काळे राहते तो खड्डा, जिथे प्रायमर निघून खालचे दिसते तो उंचवटा. खड्डे भरा, पुन्हा प्रायमर, पुन्हा काळी धूळ. तीन फेऱ्या तरी होतात. शेवटची ४०० ने.

खाडीकाठची, ऐरोली

मनापासून आभार. टोपी धुतली, आता पाणी सलग पसरते. डाव्या बाजूची पायरी दोन खेपांत एक मिमीवर आली. आता प्रश्न रंगाचा. सकाळी घरातल्या हायग्रोमीटरवर आर्द्रता ८८ टक्के दाखवते. अशा हवेत स्प्रे करू का? आणि काच बसवायची ती रंगाच्या आधी की नंतर?

लांबीपट्टी, वागळे इस्टेट

८८ ला नाही. स्प्रेतले थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतले पाणी त्यावर बसते. रंग दुधाळ पडतो, विशेषतः एनसी आणि मॅट क्लिअर (शेवटचा बिनचकाकीचा पारदर्शक थर). मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, तोवर तुम्ही थांबू शकत नाही. पण पावसाळ्यातही दोन-तीन दिवसांची उघडीप मिळते. तेव्हा दुपारी १२ ते ३ मध्ये आकडा खाली येतो. ७५ च्या आत असेल तर मारा. संध्याकाळी नको, ऊन उतरले की आर्द्रता लगेच चढते.

डबा आधी १० मिनिटे कोमट पाण्यात ठेवा. कोमट म्हणजे हाताला सुखद, ५० अंशांच्या वर डबा फुटू शकतो. मग दोन मिनिटे पूर्ण हलवा. अंतर २० ते २५ सेंटीमीटर. दाबणे हेल्मेटच्या बाहेर सुरू करायचे आणि बाहेरच सोडायचे. पहिला हात धुक्याएवढा, खालचा राखाडी दिसू द्या. मग ८-१० मिनिटांनी दुसरा, तिसरा. पांढरा झाकायला सर्वांत हट्टी, चार-पाच हात धरा, पण ओघळ आला तर तिथेच थांबा. ओला ओघळ पुसू नका, दोन दिवस वाळवून ४०० ने कापा. एका हेल्मेटला ४०० मिलीचा प्रायमरचा एक डबा, पांढऱ्याचे दोन, निळ्याचा एक आणि क्लिअरचा एक पुरतो.

सगळे डबे एकाच जातीचे घ्या. एनॅमलवर एनसी किंवा लॅकर मारला की खालचा थर दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. डब्यावर पुढचा हात कधी मारायचा ते लिहिलेले असते, बहुतेकांवर एका तासाच्या आत किंवा २४-४८ तासांनंतर असे. मधल्या वेळात मारणे म्हणजे सुरकुत्यांना आमंत्रण. या हवेत मी ४८ च धरतो.

पट्ट्यांसाठी पांढरा दोन दिवस वाळू द्या. मास्किंग टेप लावून तिची कड नखाने दाबा, आणि टेपच्या कडेवर आधी पुन्हा पांढऱ्याचा एक हलका हात मारा. झिरपायचा तो पांढराच झिरपतो, वरच्या निळ्याची कड सुरीसारखी येते. निळा अर्धवट वाळलेला असताना टेप स्वतःवर दुमडत, मागे ओढत काढा.

बाल्कनीत खोक्याचा आडोसा करा, तीन बाजू बंद. स्प्रेची धूळ वाऱ्यावर बरीच दूर जाते, खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे आणि पार्किंगमधल्या गाड्या तिच्या वाटेत असतात. एन-९५ रंगाच्या वाफेला चालत नाही, कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क हवा.

आणि टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा क्लिअर) घरी अजिबात नको. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याने दमा जडू शकतो. तो चकाकता थर हवाच असेल तर घासून तयार केलेले हेल्मेट गाड्या रंगवणाऱ्याकडे बूथमध्ये द्या. एखाद्या बंपरसोबत तो पाच मिनिटांत मारून देईल.

काचकवडी, नौपाडा

काच सगळ्यात शेवटी, क्लिअर वाळून निदान दोन दिवस झाल्यावर. ताज्या रंगातून थिनरची वाफ येत असते आणि अॅक्रिलिकवर त्याने जाळीदार बारीक चिरा पडतात. त्याच कारणाने काच अॅसिटोन किंवा थिनरने कधी पुसू नका.

कापण्याआधी खिडकीचा पुठ्ठ्याचा साचा करा, चारही बाजूंना १५ मिमी जास्त. तुमचा तुकडा पीईटीजी (एक लवचीक प्लास्टिक) आहे की अॅक्रिलिक ते कोपरा थोडा वाकवून कळते. पीईटीजी वाकतो, अॅक्रिलिक कडकन तुटते. १ मिमीचा पीईटीजी तसाच वाकवून बसेल. अॅक्रिलिक गरम करावे लागते, ते १५० अंशांच्या आसपास नरम होते, पण एकसारखे तापले नाही तर लाटा दिसतात. वरची संरक्षक फिल्म कापणी आणि भोके होईपर्यंत राहू द्या, गरम करायच्या आधी मात्र काढा.

चिकटवायला फेविक्विक नको. त्याच्या वाफेने काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते आणि ते निघत नाही. आतून फायबरला तीन-चार बोल्ट अरल्डाइटने उभे चिकटवा, डोके खाली, आटे वर. काच त्यांवर अडकवून नट लावा. काचेतली भोके बोल्टपेक्षा मिलिमीटरभर मोठी ठेवा, उन्हात ती फुगते. नट हातानेच घट्ट करा. काच खराब झाली तर दहा मिनिटांत बदलता येते.

वाफ धरते ती श्वासाची. आतून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या फडक्याने अदृश्य होईपर्यंत पुसलात तर तासभर निभावते. पक्का उपाय म्हणजे ४० मिमीचे ५ व्होल्टचे दोन पंखे: एक हनुवटीपाशी हवा आत घेणारा, दुसरा डोक्यामागे वर बाहेर टाकणारा. दोन्ही आतच फुंकत असतील तर वाफ तिथेच फिरते. पॉवर बँक कमरेला लावा, हेल्मेटमध्ये नको. काही पॉवर बँका विजेची ओढ फार कमी असली की आपोआप बंद होतात, म्हणून घरी अर्धा तास चालवून पाहा. स्पर्धेच्या रांगेत हे कळले तर उपयोग नाही.

मळकटपणाचे राहिले आहे. क्लिअरचा चकाकता हात आधी, मग पाण्यात पातळ केलेला काळा आणि गडद तपकिरी अॅक्रिलिक रंग ब्रशने खाचांत सोडा, दोन मिनिटांनी ओल्या फडक्याने वरून खाली पुसा. गुळगुळीत थरावर तो हवा तेवढा निघतो. मॅट थरावर लावला तर सगळीकडे धरतो आणि हेल्मेट चहा सांडल्यासारखे दिसते. ओरखडे हवे असतील तर कडा, कानाच्या टोप्या आणि हनुवटी एवढ्याच ठिकाणी, जिथे वस्तू खरोखर घासते. स्पंजच्या तुकड्याने चंदेरी रंगाचे ठिपके टेकवा. मग मॅट क्लिअर, तोही उघडीप बघूनच.

आत डोक्याला १० ते १५ मिमीचा फोम, वेल्क्रोने. कपाळ, मागचा फुगवटा आणि दोन्ही कानशिले, एवढे चार ठोकळे पुरतात. चिकटवण्याआधी आतून घासून रंगाचा एक थर द्या, वर आलेले काचतंतू त्यात बसतात. नाहीतर मान खाजवत फिराल.

घोडबंदरकर

एकच. हे घालून स्पर्धेला स्कूटरवर जाऊ नका. दुचाकीला आयएस ४१५१ चा आयएसआय छाप असलेले हेल्मेट लागते, या फायबरमध्ये धक्का शोषणारा थर नाही आणि गडद काचेतून रात्री काही दिसत नाही. ते पिशवीत घाला.

खाडीकाठची, ऐरोली

पिशवीतच नेणार! मोल्डवाले दादा, शेवटचे विचारते. मॅट-रेझिन लावल्यावर बाहेरची टेप कधी काढू?

मोल्डवाला, रबाळे

रेझिन नखाने दाबून खूण उमटत नाही, तेव्हा. या हवेत तीन-चार तास, पण रात्रभर राहू द्या. आणि टेप काढताना सांध्याच्या आडवी ओढू नका, सांध्याच्या दिशेने ओढा.